सात फुटांची जाळी आणि फणसावर झोपणारे टर्की

कुडाळ तालुक्यातलं एक घर. मागे परडं, त्याच्या एका अंगाला चिऱ्याचा जुना गडगा, बाकी तीन बाजूंना जाळी. आत अकरा टर्की: तीन नर, आठ माद्या. तक्रार मोजक्या शब्दांत होती, "डॉक्टर, ही आत रवनतच नाय."

जाळी आधी पाच फूट होती, ती वाढवून सात फूट केली होती. पंखही कातरून झाले होते. तरी रोज तिन्हीसांजेला चार-पाच पक्षी बाहेर जायचे, आणि सकाळी तेच पक्षी जाळीला बाहेरून छाती घासत येरझाऱ्या घालायचे. आत शिरायची वाट शोधत.

माझं लक्ष ह्या येरझाऱ्यांवर गेलं. पळूनच जायचं असतं तर पलीकडे काजूची बाग मोकळी पडली होती. पण हे पक्षी रात्रीपुरते बाहेर जात होते आणि उजाडलं की घरी येऊ बघत होते. म्हणजे त्यांना घर नको होतं असं नाही, त्यांना हवं असलेलं काहीतरी घरात नव्हतं. ते काय, हे कळल्याशिवाय जाळी दहा फूट केली असती तरी पैसे वाया गेले असते.

घर एका निवृत्त मास्तरांचं. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. टर्की आणायची हौस त्यांची, पण दाणापाणी आणि साफसफाई सुनेकडे. पक्ष्यांबद्दल खरी माहिती हवी असेल तर वहिनींनाच विचारावं लागायचं. गुरुजींकडून मिळायची ती मतं. पक्षी दोन महिन्यांची पिल्लं असताना आणले होते. काळसर, कांस्य झाक असलेले, अंगाने हलके. माद्या चार-पाच किलोच्या आतल्या. हिशोब सरळ होता: नाताळाच्या आधी नर गोव्याच्या गिऱ्हाइकाला द्यायचे, माद्या अंड्यांसाठी ठेवायच्या.

ही हलकी चण महत्त्वाची. मोठ्या फार्मवरचा पांढरा, रुंद छातीचा टर्की पूर्ण वाढला की स्वतःचं वजनच उचलू शकत नाही. त्याला चार फुटांची जाळी पुरते. परसात पाळायला मिळतात ते गावठी, मिश्र रक्ताचे पक्षी. त्यांच्या पंखांत अजून रान शिल्लक आहे. रानटी टर्की हा उत्तर अमेरिकेतल्या जंगलातला पक्षी. दिवसभर चालत खातो, आणि अंधारायच्या आधी उंच झाडावर जाऊन बसतो. त्याची पिल्लंसुद्धा साधारण दोन आठवड्यांची झाली, पंखांत जरा बळ आलं, की आईमागोमाग झाडावर झोपायला जातात. कोंबडी संध्याकाळी खुराड्यात शिरते कारण तिला बंदिस्त कोपरा सुरक्षित वाटतो. टर्कीला नेमकं उलट वाटतं. त्याला चहूकडचं दिसायला हवं, वारा लागायला हवा आणि पायाखाली उंची हवी.

आणि ह्या परड्यात रात्रीची सोय काय होती? कोंबड्यांसाठी बांधलेली जुनी शेड. सिमेंटचे पत्रे, मधोमध उंची जेमतेम पाच फूट, तिन्ही बाजू बंद, जमिनीपासून दोन फुटांवर एक बारीक बांबू. संध्याकाळी साडेसहाला मी आत वाकून उभा राहिलो तर पत्र्याची धग डोक्याला लागत होती आणि विष्ठेचा उग्र वास डोळ्यांना झोंबत होता. दहा पावलांवर फणस होता, उंच, गार, मोकळा. टर्कीच्या जागी मी असतो तरी फणसच धरला असता.

वहिनींना मी एक काम सांगितलं. जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तीन गोष्टी लिहायच्या: कोणता पक्षी बाहेर गेला, किती वाजता, आणि उडण्याआधी त्याने पाय कशावर ठेवला होता. ओळखण्यासाठी पायात रंगीत चिंध्या बांधायचं मी सुचवलं, पण त्याची गरज नव्हती. त्यांनी सगळ्यांना नावं दिली होती. थोराड नर म्हणजे सरपंच. दिवसभर पिसारा फुलवून फिरायचा, मोटरसायकल गेली तरी गळा काढून उत्तर द्यायचा. तो कधीच बाहेर गेला नव्हता. "तेका येळ खंय?" असं वहिनींचं निदान. वजन हे माझं निदान, पण त्यांचंही अगदीच चूक नसावं.

वही भरत गेली तसं एक प्रकरण तीन प्रकरणांत सुटं झालं.

पहिलं आणि मोठं, तिन्हीसांजेचं. पाच माद्या आणि एक तरुण नर. वाट ठरलेली: जळाऊ लाकडांची रास, तिथून गडगा, गडग्यावरून जाळीच्या माथ्यावरचा बांबू, तिथून फणस. मी स्वतः एक संध्याकाळ पडवीत बसून पाहिलं. मादी बांबूवर येऊन थांबते. मान लांब करते, एक डोळा वर लावते, मग डोकं वळवून दुसरा. दोनदा गुडघ्यांत वाकते, विचार बदलते, परत वाकते. आणि मग पंखांचा फडाड आवाज करून एकदम वर. गुरुजी माझ्या शेजारी बसून हताशपणे म्हणाले, "ह्यो कोंबो न्हय, माकड आसा."

सात फुटांची जाळी का हरली ते इथे उघड दिसत होतं. टर्की कुंपण ओलांडून उडत नाही. तो कुंपणावर उडतो. वर जाऊन उभं राहायला जागा आहे का हे आधी बघतो, मग तिथून कुठल्या बाजूला उतरायचं ते ठरवतो. जाळी ताठ राहावी म्हणून वरून आडवा बांबू बांधला होता. पाच फुटांवर होता, तोच सात फुटांवर गेला. गडगा आणि लाकडांची रास पायरीला होतीच. घरच्यांनी पैसे खर्चून आधीच्यापेक्षा उंच दांडी करून दिली होती, आणि टर्कीला उंच दांडी आवडतेच.

दुसरा प्रकार भर दुपारचा. ह्यात दोनच माद्या होत्या. इथे फडफडाट नव्हता, घाई नव्हती. मादी चरत चरत गडग्याच्या ढासळलेल्या कोपऱ्याकडे जाते, इकडेतिकडे चोच मारते, आणि आपण मान वळवली की नाहीशी होते. ही घरटं शोधणारी मादी. ह्यातल्या एका मादीची बहीण आधीच्या हंगामात गायब झाली होती. कोल्ह्याने नेली म्हणून घरच्यांनी नाद सोडला होता. ती सापडली करवंदीच्या जाळीखाली, पाचोळ्यात, अंड्यांवर बसलेली. टर्कीची अंडी उबायला २८ दिवस लागतात. इतके दिवस जमिनीवर, एकटीने, रात्रीसुद्धा. मुंगसाने किंवा कुत्र्याने गाठलं नाही हे नशीब.

दुपारी अंडी, ह्याचं गुरुजींना आश्चर्य वाटलं. कोंबड्यांचा त्यांचा जुना नियम होता: सकाळी उशिरापर्यंत कोंडून ठेवायचं, अंडी पडली की सोडायचं. टर्कीला हा नियम लागू पडत नाही, कारण त्यांची बहुतेक अंडी दुपारनंतर पडतात. सकाळी दहाला दार उघडलं की नेमकी गरज लागायच्या वेळेला मादी मोकळी.

तिसरा प्रकार सकाळचा, आणि ह्यात जवळजवळ सगळेच सामील होते. परड्याची जागा साधारण चाळीस फूट बाय पंचवीस फूट, म्हणजे हजार चौरस फूट. मोकळ्यावर पाळायच्या टर्कीसाठी एकरी २०० ते २५० पक्षी असा अंदाज पशुसंवर्धनाच्या पुस्तिकांत देतात. एका पक्ष्याला पावणेदोनशे चौरस फूट तरी. त्या मापाने हे परडं पाच पक्ष्यांचं, आणि राहत होते अकरा. गवताचं पातं उरलं नव्हतं. जाळीपलीकडे मात्र शेजाऱ्यांचा लाल माठ, वालाचे वेल आणि टोळच टोळ.

शेजारी भले होते. माठाबद्दल हसून बोलायचे. मला काळजी माठाची नव्हती, त्यांच्या अंगणातल्या गावठी कोंबड्यांची होती. हिस्टोमोनास नावाचा एक सूक्ष्म परजीवी कोंबडीच्या आतड्यात असतो. कोंबडीला बहुधा त्याचा त्रास जाणवत नाही, पण टर्कीचं आतडं आणि यकृत तो पोखरून टाकतो. तो पसरतो कोंबड्यांच्या एका जंतामार्फत. त्या जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळांतूनही टर्कीच्या पोटात जातात. पिवळीधमक, गंधकासारखी विष्ठा दिसली की बऱ्याचदा उशीर झालेला असतो, आणि हमखास औषध हाताशी नाही. ह्या कळपात तसं काही दिसलं नाही. पण कोंबड्यांच्या उकिरड्यावर टर्की रोज चरायला जाणं हे कुत्र्याइतकंच मोठं संकट आहे, फक्त ते भुंकत नाही. त्यांची रात्रीची सोय कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये होती, हीसुद्धा तीच अडचण. ती शेड बंदच करायला सांगितली.

उपायांची सुरुवात झोपण्यापासून केली. परड्याच्या मध्यावर, कुंपणापासून सगळीकडून दहा फूट तरी लांब, सुरूच्या खांबांवर उघडा मांडव. वर छप्पर, कारण कोकणचा पाऊस, बाजू मोकळ्या. आत तीन दांड्या पायऱ्यांसारख्या, दोन, साडेतीन आणि पाच फुटांवर. मनगटापेक्षा जाड लाकूड, साल काढून गुळगुळीत केलेलं. बारीक बांबूवर टर्कीला नीट बसता येत नाही, छातीच्या हाडावर दाब येतो. प्रत्येक पक्ष्याला दीड-दोन फूट लांबी धरली. सर्वांत खालची दांडी सरपंच आणि त्याच्या जोडीदारांसाठी, कारण जड नराने पाच फुटांवरून रोज उडी मारली की पाय दुखावतात, तळव्याला गाठ येते. खाली भाताच्या तुसाचा जाड थर.

पण नुसता मांडव बांधून पक्षी आपणहून येत नाहीत, फणस जवळ असताना तर नाहीच. म्हणून फणसाच्या परड्यावर आलेल्या दोन खालच्या फांद्या छाटल्या, लाकडांची रास घरापुढे हलवली, आणि संध्याकाळचा दाणा साडेपाचला मांडवाखाली, ठरलेल्या पत्र्याच्या डब्याचा आवाज करून. सुरुवातीला अंधार पडल्यावर फणसावरच्या माद्यांना उतरवून एकेक करून दांडीवर ठेवावं लागलं. अंधारात टर्की अगदी गरीब होतो, उचलला तरी फारसा विरोध करत नाही. जागा बदलायची असेल तर तीच वेळ.

मग कुंपण. माथ्यावरचे बांबू काढून टाकले. उंची कमी केली नाही, वाढवलीही नाही. फक्त वरचा दीड फूट ढिला केला. मालवणहून जुनं मासेमारीचं जाळं आणलं आणि ते जाळीच्या वरच्या कडेला नुसतं लोंबतं बांधलं, खांबापासून खांबापर्यंत झोळ ठेवून. पक्षी खालून बघतो तर वर पाय ठेवायला जागाच दिसत नाही. एका मादीने तरी प्रयत्न केला. जाळं तिच्या वजनाने आत वाकलं आणि ती धडपडत आतच उतरली. गडग्यावर लोखंडी पट्ट्या आतल्या बाजूला तिरक्या ठोकून त्यावर तेच जाळं ताणलं. तिथे मात्र ढिलं नाही, कारण गडग्यावर चढून आलेल्या पक्ष्याला वर सरकताच येऊ नये हा उद्देश.

मासेमारीच्या जाळ्याबद्दल एक सूचना द्यायलाच हवी. ते जमिनीपर्यंत सोडायचं नाही. कोकणात परड्यात धामण फिरतेच, आणि नायलॉनमध्ये अडकलेली धामण सोडवणं हे काम कुणाच्याही वाट्याला येऊ नये. फाटक्या जागा वेळच्या वेळी शिवायच्या, नाहीतर टर्कीची बोटं गुंततात.

पंखांचं सांगतो, कारण तिथे फार गैरसमज आहेत. आधी कुणीतरी दोन्ही पंख सारखे कातरले होते. दोन्हीकडे सारखंच कमी झालं तर तोल कायम राहतो. हलकी मादी थोडी जास्त फडफड करून, राशीवरून गडग्यावर, गडग्यावरून बांबूवर अशा टप्प्यांनी जातेच. कातरायचा तो एकच पंख, बाहेरच्या टोकाची दहा लांब पिसं, वरच्या आच्छादनाच्या लहान पिसांच्या रेषेखालून. दोन माणसं लागतात. एकाने पक्षी काखेत धरून पाय आवळायचे, दुसऱ्याने पंख पंख्यासारखा उघडून आधी दांडे उजेडात बघायचे. दांडा पांढरा, पोकळ दिसला तर कात्री लावायची; जांभळा, भरलेला दिसला तर ते पीस वाढतंय, त्यात रक्त आहे, हात लावायचा नाही. ह्याच घरातली एक मादी आधीच्या कातरणीत भरपूर रक्त गाळून बसली होती, ते ह्यामुळेच. आणि पिसं झडून नवी येतात, तरुण पक्ष्यात तर लवकरच. एकदा कातरलं आणि विसरलं असं होत नाही.

आम्ही फक्त तीन माद्यांचे पंख कातरले, वहीत ज्यांची नावं सारखी येत होती त्यांचे. बाकीच्यांचे नाही. माझ्या मते कात्री ही मांडवाला जोड आहे. झोपायला नीट जागा न देता पंख कातरले तर पक्षी उडायचा थांबतो आणि चढायला लागतो, एवढाच फरक.

अंड्यांसाठी परड्याच्या सर्वांत शांत कोपऱ्यात, माडाच्या झावळ्यांचा आडोसा करून, जमिनीवरच दोन फूट चौरस खोकी ठेवली. आत पाचोळा आणि खोटं अंडं म्हणून गुळगुळीत पांढरा दगड. अंड्यांच्या हंगामात माद्यांना बाहेर सोडायचं ते दुपारी चारनंतर.

जागेच्या प्रश्नाला मात्र जाळी किंवा युक्ती पुरत नाही, जागाच द्यावी लागते. मागच्या काजूच्या बागेतला एक पट्टा जाळीने घेतला आणि मध्ये दार ठेवलं, म्हणजे दोन्ही भाग आळीपाळीने चरता येतात. गुरुजी तयार नव्हते. काजू खराब होतील म्हणाले. पक्षी कमी करा, हा दुसरा पर्याय ऐकल्यावर तयार झाले. शेवग्याचा पाला, कोबीची बाहेरची पानं दोरीला बांधून टांगली, तेवढाच पक्ष्यांना उद्योग.

आणखी एक छोटी गोष्ट, जिचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. बाहेर गेलेला टर्की परत येताना जाळीला लागून चालतो आणि कोपऱ्यात येऊन अडतो. चार फूट मागे वळून दार शोधणं त्याला सुचत नाही. म्हणून दोन कोपऱ्यांत आत ढकलून उघडणारी लहान दारं केली. सकाळच्या येरझाऱ्या कोपऱ्याला येऊन आपोआप आत संपू लागल्या. लांब गेलेल्यांना मागे धावून पकडायचं नाही. दोन्ही हातांत लांब काठ्या आडव्या धरून हळूहळू मागून चाललं की अख्खा कळप पुढे पुढे चालतो. रेल्वे येण्याआधी इंग्लंडात नॉरफोकहून लंडनपर्यंत टर्कीचे कळप असेच हाकत पायी नेत. कोकणातला पल्ला पाणंदीपुरता.

गुरुजींना इतिहासाची गोडी, म्हणून त्यांना एक सांगितलं होतं. १६१२ मध्ये मुघल सरदार मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी नवलाचे प्राणी-पक्षी नेले, त्यात टर्की होता. त्याच्या डोक्या-मानेचे बदलते रंग बघून बादशहाने त्याचं वर्णन आठवणींत लिहिलं, आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. तेव्हापासून गुरुजी पाहुण्यांना परडं दाखवताना आधी जहांगीर सांगतात, मग जाळी.

तिन्हीसांजेचं पलायन जवळपास थांबलं. मांडवाच्या वरच्या दांडीवर जागेसाठी भांडणं होतात, म्हणजे ती जागा त्यांना पसंत आहे. सकाळी बाहेर जाणं बरंच कमी झालं. दिवाळीत फटाक्यांनी एका रात्री सगळा कळप बिथरला आणि दोन पक्षी जाळ्यावर आदळून बाहेर पडले. त्यावर उपाय म्हणून मांडवात मंद दिवा ठेवला, कारण अंधारात घाबरलेल्या टर्कीला कुठे उतरायचं ते दिसत नाही आणि तो मिळेल त्या दिशेने झेपावतो.

दुपारच्या दोघींपैकी एकीने खोकं स्वीकारलं. दुसरीने नाही. तिचा एक पंख कातरलेला, जाळं ढिलं, गडगा बंद. तरी ती कुठूनतरी जाते आणि करवंदीखालीच अंडी घालते. वहिनींनी तिचा पाठलाग करून ठिकाण शोधलं आणि रोज एक अंडं काढून खोट्या अंड्यांची भर घालायला सुरुवात केली. खुडूक बसली की तिला घरट्यासकट रात्री उचलून आणायचं ठरलं आहे. विकून टाका, असं गुरुजी म्हणतात. वहिनी ऐकत नाहीत. तीच सगळ्यांत चांगली आई होणार, असं त्यांचं म्हणणं, आणि गेल्या खेपेला बहिणीने काढलेली पिल्लं बघता ते खरं ठरेल.

पिल्लं आली की हेच कुंपण खालच्या बाजूने अपुरं पडेल. मोठ्या भोकांच्या जाळीतून आठवड्याचं पिल्लू सहज निघतं, गडग्याच्या चिऱ्यांमधल्या फटींतून तर मुंगूसही येतं. मृगाच्या आत खालचे दोन फूट अर्ध्या इंचाच्या वेल्डमेशने बंद करायचे आहेत, एक वीत जमिनीत गाडून. गडग्याच्या फटी चिखलाने लिंपायच्या, आणि मांडवात एक दांडी फूटभर उंचीवर वाढवायची, कारण तिसऱ्या आठवड्यात पिल्लं वर बसायला मागतील. सुतार गणपतीनंतर येतो म्हणाला होता. त्याला मेमध्येच आणायला सांगितलं आहे.